चोवीस फुटांची शांतता

पत्र क्र. २२८
निशातगंज, लखनौ
११ ऑगस्ट १९९६

प्रिय जगदीश,

घरात काय काय आहे, असं तू विचारलं आहेस. मुलीला परगावी ठेवणाऱ्या बापाने विचारावं असंच आहे, म्हणून सविस्तर कळवतो. स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर एक, लष्कराच्या लिलावातल्या दोन मोडक्या यंत्रांतून जुळवलेला, दिव्याची कोठी पितळी घंगाळ्याची, पंखा मिक्सरच्या मोटरवर. फिल्म गुंडाळायचं यंत्र एक, शिलाई मशिनच्या हातचाकाचं. फिल्म जोडायचा पितळी साचा एक, त्याच्या खुंट्या ग्रामोफोनच्या सुयांच्या. पडदा दहा फूट बाय साडेसात, मांजरपाटाचे तीन पट्टे. शिवण दिसत नाही, दिसते म्हणणाऱ्याने पुढे येऊन बोट ठेवावं. माइकसाठी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर एक. जिन्याचा कठडा. स्वयंपाकघरातलं फडताळ. आणि माझं इंग्रजी, तेही हातानेच केलं म्हणायला हरकत नाही. एक शब्दकोश झिजून गेला, दुसरा चालू आहे. मॅट्रिक नापास माणसाकडे यापैकी काहीही आयतं आलेलं नाही.

स्वप्नाला वरची खोली देतो. तीच, आपली. मी १९८१ पासून खालच्या दोन खोल्यांत असतो. खोलीत खाट एकच आहे, कारण दुसरीच्या फळ्यांचं मी १९६९ साली पुस्तकांचं कपाट केलं होतं, तुझ्या संमतीने. कपाट अजून हललेलं नाही.

विद्यापीठ चालत पंचवीस मिनिटं, माझ्या पावलांनी. एम.ए.ची मुलगी वीस मिनिटांत जाईल.

तुझा
श्रीरंग


अमरावती
२४ ऑगस्ट १९९६

प्रिय श्रीरंग,

मी पंखा आणि गादीबद्दल विचारत होतो, तू व्हॉल्व्हबद्दल लिहिलंस. मला लखनौ सोडून तेवीस वर्षं झाली, तू बदलला नाहीस. खाटेचा उल्लेख अनावश्यक होता. तुझी पत्रं मालिनीही वाचते.

स्वप्ना ३० तारखेला निघते. बँकेच्या शाखेत सर्क्युलर काढायची सवय लागल्यामुळे मुद्देच लिहितो. (१) जेवण वेळेवर. (२) तुझ्या त्या चित्रपट मंडळाच्या सिनेमांपासून तिला लांब ठेव. मी ते सिनेमे तुझ्याच शेजारी बसून पाहिले आहेत, म्हणून सांगतो. (३) नाशिकचं एक स्थळ आहे, संकेत नावाचा इंजिनियर मुलगा, पत्रिका जुळते. तिला अजून बोललेलो नाही, तूही बोलू नकोस. (४) नजर ठेव. एखादा मुलगा जिन्यावर दिसला तर तार कर. वाट पाहू नकोस.

तुझ्याशिवाय कोणाच्या भरवशावर पाठवली नसती, हे वेगळं लिहायला नको.

तुझा
जगदीश


पत्र क्र. २२९
लखनौ
६ ऑक्टोबर १९९६

प्रिय जगदीश,

स्वप्ना रुळली. तुझे पहिला, तिसरा आणि चौथा हे मुद्दे पाळले जात आहेत. दुसरा पाळता आला नाही, याला कारण तिचे हात. फिल्मचा जोड कसा देतात ते मी नुसतं दाखवत होतो. तिने पहिल्याच खेपेला असा जोड दिला की मला तो भिंगातून शोधावा लागला. असे हात असलेल्या मुलीला सिनेमापासून लांब ठेवणं मला जमणार नाही. तू बँकेत आहेस, तुला हे कळणार नाही.

वरच्या खोलीत आता दोघी आहेत. दुसरी हेमा पाध्ये. वडील मानक नगरला रेल्वेच्या संशोधन संस्थेत इंजिनियर, मूळचे साताऱ्याचे. मानक नगरहून विद्यापीठ लांब पडतं म्हणून त्यांनीच विचारलं. हेमाला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. मी मराठीत रागावतो, ती हिंदीत हसते. तिच्यासाठी दुसरी खाट करावी म्हणून सागाच्या फळ्या आणल्या, तर दोघी म्हणाल्या, जागा अडेल, त्यापेक्षा अभ्यासाचं टेबल करा. टेबल करून दिलं. मुली समजूतदार आहेत.

आता मंडळाचं. दिल्लीहून पाच देशांच्या वकिलातींनी पाच चित्रांचा संच पाठवला आहे. विषय: पुरुषाचं पुरुषावरचं आणि बाईचं बाईवरचं प्रेम. आमचे चिटणीस म्हणाले, परत पाठवू. मी म्हणालो, पाठवू, पण सोबत कारण लिहावं लागेल. ते कोण लिहिणार? कमिटीतले सातही जण चहाकडे बघायला लागले. मग ठरलं की दाखवायचं. संचाच्या इंग्रजी नावाचं मी 'विविध नाती' केलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हेमा म्हणाली, अंकल, रेडियो स्टेशन लगता है।

मी पाचही चित्रं तपासली. पोर्तुगालच्या चित्रात दोन दीपगृहवाले, त्यातला एक शेवटच्या रिळात बुडतो. मेक्सिकोत शिंपी आणि बँडवाला, बँडवाल्याला गोळी. जपानमध्ये दोन छत्र्या करणारे, एकाला क्षय. पोलंडच्या दोन नर्सांपैकी एकीचं लग्न होतं आणि ती पुलावरून उडी घेते. म्हणजे चार देशांचे चार दिग्दर्शक, एकमेकांना न भेटता एकाच निष्कर्षाला आले आहेत: असलं प्रेम चार रिळं टिकतं, पाचव्यात पाणी, गोळी, खोकला नाहीतर पूल. स्वप्नाने विचारलं, ज्यांना मारायचंच आहे त्यांना इतकं सुंदर का दाखवतात? मी तिला प्रकाशयोजना समजावून सांगितली.

पाचवं फिनलंडचं. दोन बायका चाळीस वर्षं बेकरी चालवतात. कोणी मरत नाही. चिटणीसांच्या मते त्यामुळे चित्र अपुरं वाटतं. तिसऱ्या रिळात जनगणनेचा अधिकारी येतो आणि एकीला विचारतो, ही तुमची कोण? ती बराच वेळ गप्प राहते आणि एकच शब्द बोलते. तू पाहिलंच आहेस, खेळ चालू असताना संवाद मी माइकवर हिंदीत सांगतो. आधी मराठीत लिहितो, पूर्वी तू हिंदी करायचास, आता मुली करतात. वकिलातीच्या कागदावर त्या शब्दासाठी इंग्रजीत जो शब्द आहे तो आपण चारचौघांत म्हणत नाही. मी लिहिलं, 'घनिष्ठ मैत्रीण.' दोघी भांडायलाच उठल्या. हेमा म्हणाली, "इतना चुप रहने के बाद वो 'घनिष्ठ सहेली' बोलेगी? इतने में तो ब्रेड जल जाएगी, यार।" मला यार म्हणाली. मी म्हणालो, मर्यादा म्हणून काही असते.

खेळ २४ नोव्हेंबरला आहे. तोवर समजतील.

तुझा
श्रीरंग


अमरावती
१९ ऑक्टोबर १९९६

प्रिय श्रीरंग,

तुझ्या दीपगृहवाल्यांचं राहू दे. इथे घरात दोन दिवस चूल नीट पेटलेली नाही.

स्वप्नाचं आईला पत्र आलं. दिवाळीला येत नाही म्हणते, आणि पुढचं वाक्य जसंच्या तसं उतरवतो: "काळजी करू नकोस, मला इथे एकटं वाटत नाही, यार आहे ना सोबत." मालिनीने ते वाचलं आणि खाली बसली. आमच्याकडे हा शब्द कोणत्या बाईच्या कोणत्या माणसाबद्दल वापरतात ते तू विसरला नसशील. मी सांगितलं, तिकडे दोस्ताला म्हणतात. ती म्हणाली, तुम्ही तिकडे होतात तेव्हा तुम्ही कोणाला म्हणत होतात? मी विषय बदलला.

कोण आहे हा माणूस? नाव, आडनाव, वडील काय करतात. कोणी नसेल तर तसं लेखी कळव, मला मालिनीला दाखवता आलं पाहिजे. शब्दांची तुला हौस आहे, ती एकदा माझ्या उपयोगी पडू दे.

जगदीश


पत्र क्र. २३०
लखनौ
२७ ऑक्टोबर १९९६

प्रिय जगदीश, आणि सौ. मालिनीवहिनींस नमस्कार,

हे पत्र दोघांनी मिळून वाचावं.

'यार' हा शब्द मराठीत आला तो वाटेत बिघडून. आपल्याकडे त्याचा अर्थ बाईचा चोरटा संबंध असलेला पुरुष. लखनौच्या बोलीत मात्र तो स्वल्पविरामासारखा वापरतात. ऐकीव सांगत नाही, मोजून सांगतो. गेल्या मंगळवारी सकाळी सात ते दुपारी एक या वेळात हेमाच्या तोंडून हा शब्द मी एकेचाळीस वेळा ऐकला. पैकी सव्वीस वेळा स्वप्नाला उद्देशून, नऊ वेळा गल्लीतल्या कुत्र्याला, तीनदा मला, दोनदा बंद पडलेल्या पंख्याला आणि एकदा भाजीवाल्याला, तो दुधी महाग सांगत होता म्हणून. या सगळ्यांशी तिचा चोरटा संबंध आहे असं वहिनींनाही वाटणार नाही. स्वप्ना हेमाच्या संगतीत राहून तिच्यासारखं बोलते, एवढंच. यार म्हणजे दोस्त, अधिक काही नाही.

जिन्यावर पुरुषाची चप्पल आजवर दिसलेली नाही, माझी सोडून. फोन येत नाहीत. दोघी विद्यापीठात सोबत जातात, सोबत येतात, एकीला ताप आला तर दुसरी तास बुडवते. एका ताटात जेवतात, त्यामुळे भांडी कमी घासावी लागतात. हेमा आहे तोवर चिंतेचं कारण नाही. अशी मैत्री मुलांमध्येही कमी बघायला मिळते.

वरील सर्व माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे, आणि माझी माहिती सहसा चुकत नाही.

आपला
श्रीरंग


अमरावती
१३ नोव्हेंबर १९९६

प्रिय श्रीरंग,

तुझं पत्र मालिनीने तीनदा वाचलं. पंख्याच्या वाक्याला हसली. दिवाळी बरी गेली, आभार.

संकेतची मंडळी ८ डिसेंबरला, रविवारी, इथे येत आहेत. तिला आईची तब्येत बरी नाही असं सांगून ५ तारखेच्या गाडीत बसव. आरक्षण करून ठेव. एकदा मुलगा समोर बसला की पुढचं आपोआप होतं. माझंही तसंच झालं होतं, तुला माहीत आहे.

त्या हेमालाही बरोबर येऊ दे वाटलं तर. मैत्रीण असली की मुली अशा वेळी रडत नाहीत.

तुझा
जगदीश


(फिनलंडच्या तिसऱ्या रिळाच्या टिनमध्ये ठेवलेलं)
वरची खोली
२२ नोव्हेंबर १९९६

ती. श्रीरंगकाकांस सा. न.

समोर बोलले तर तुम्ही मला प्रकाशयोजना समजावून सांगाल, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या फायलीतली पत्र क्र. २३० ची कार्बन कॉपी मी वाचली. बाबांचं १३ तारखेचंही. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत हे कळतं, पण फाईलवर तुम्ही सुवाच्य अक्षरात 'स्वप्ना' लिहून ठेवलं आहे.

काका, आईने बरोबर वाचलं होतं. पुरुष तेवढा चुकला. तुम्ही एकेचाळीस वेळा मोजलंत, बेचाळिसावा तुम्हाला ऐकू आला नाही, कारण तो ती तुमच्यासमोर म्हणत नाही. हेमा माझी यार आहे. मराठीत जो अर्थ होतो तोच, फक्त त्यातलं चोरटं काढून टाका. चोरटं आम्हाला नको आहे, पण सध्या दुसरी सोय नाही.

चिटणीसांनी दीपगृहाच्या चित्रातला मिनिटभराचा तुकडा काढायला सांगितला तेव्हा तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, या टेबलावर एक फ्रेमसुद्धा कापली जाणार नाही. मी तेव्हा तुमच्याकडे बघतच राहिले. आणि त्याच टेबलावर तुम्ही त्या बेकरीवालीचा शब्द कापलात. फिल्म कापली तर निदान जोड दिसतो.

मी ५ तारखेला जाणार नाही. बाबांना मी स्वतः सगळं लिहिलं आहे, पत्र आज पोस्टात टाकते. ते लगेच तुम्हाला विचारतील, कारण माझ्यापेक्षा त्यांचा तुमच्यावर विश्वास आहे. सिनेमे बघून पोरीचं डोकं फिरलंय, होईल ठीक, एवढं तुम्ही लिहिलंत की ते मला न्यायला येतील. नेलं की परत सोडणार नाहीत. हेमाच्या घरीही कळवतील. म्हणून एकच मागते. तुम्हाला जे दिसलं आहे तेच त्यांना लिहा. तुम्हाला न दिसलेलं असं या घरात काही नसतं.

रविवारी माइकवर काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. त्यावर आम्ही आता भांडणार नाही.

तुमची
स्वप्ना


पत्र क्र. २३१
लखनौ
२६ नोव्हेंबर १९९६

प्रिय जगदीश,

स्वप्नाचं पत्र तुला मिळालं असेल. तिच्या संमतीने लिहितो आहे.

माझ्या पत्र क्र. २३० मध्ये पुढील दुरुस्ती करून घ्यावी. 'यार म्हणजे दोस्त, अधिक काही नाही' यातले शेवटचे तीन शब्द रद्द. 'हेमा आहे तोवर चिंतेचं कारण नाही' हे वाक्य तसंच ठेवावं. मी ते चुकीच्या समजुतीने लिहिलं, पण वाक्य बरोबर आहे. 'माझी माहिती सहसा चुकत नाही' हे वाक्य मी स्वतः लाल शाईने खोडलं आहे, तूही खोड.

जे दिसलं ते असं. स्वप्नाचं डोकं ठिकाणावर आहे. हेमाचंही. सिनेमाने कोणाचं काही बिघडवलेलं नाही. तो संच येण्याआधीच मुलींनी दुसरी खाट नाकारली होती. मी त्या फळ्या मोजून आणल्या, परत मोजून टेबल केलं आणि खाट का नको हे समजून घेतलं नाही. खरं तर समजून न घेण्याइतका अडाणी मी नाही. ते कपाट कशाचं आहे हे मला तुझ्याइतकंच ठाऊक आहे.

आता रविवारचं. हजेरी त्रेचाळीस. तिसऱ्या रिळात अधिकारी टोपी काढून टेबलाशी बसतो. बाई पीठ मळत असते. तो विचारतो, ही तुमची कोण? ती थांबते. ती शांतता मी आधी मोजून ठेवली होती: चाळीस सेकंद, म्हणजे नऊशे साठ फ्रेम, म्हणजे चोवीस फूट. माझ्यापुढे कागद होता, त्यावर टंकलिखित 'घनिष्ठ सहेली'. पहिले दहा फूट मी कागदाकडे बघत होतो. मग मला दुसराच अधिकारी दिसला. मार्च १९७१, दुपार, तो प्राथमिक शाळेतला मास्तर, घामाने भिजलेला, आपल्या खोलीच्या दारात रजिस्टर उघडून. तू लिहायला घ्यायचास तो पाट त्याला बसायला दिला होता. त्याने माझ्याकडे बोट करून तुला विचारलं, ये आपके कौन हुए? मी स्टोव्हला पंप मारत होतो, तो थांबवला. तुला चाळीस सेकंद लागले नाहीत. तू लगेच म्हणालास, "कोई नहीं। साथ रहते हैं।"

चोविसावा फूट सरला आणि मी माइकवर म्हणालो, "यार है मेरी।"

पुढच्या रांगेतले मिर्झासाहेब, हज़रतगंजात घड्याळं दुरुस्त करतात, वय ऐंशी, ते मुशायऱ्यात बसल्यासारखे "वाह" म्हणाले. खेळानंतर चिटणीसांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, तुम्ही फार छान सावरून घेतलंत, दोस्त म्हणालात, सभ्य शब्द. मिर्झासाहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "मियाँ, शायरी में यार उसी को कहते हैं जिसके लिए आदमी घर छोड़ दे। आपको मालूम था?" मी म्हणालो, मालूम होतं. म्हणजे एकाच शब्दात मी त्रेचाळीस जणांना खरं सांगितलं आणि ते कळलं चौघांना. त्यातला एक मिर्झासाहेब, दोन मुली. चौथा मी, थोडा उशिरा.

चित्राच्या शेवटी त्या दोघींची भट्टी बिघडते आणि त्या दुरुस्त करतात. वीट उलटी लावली आहे, पण बाकी काम चोख आहे.

५ तारखेचं आरक्षण केलेलं नाही.

तुझा
श्रीरंग


अमरावती
५ डिसेंबर १९९६

श्रीरंग,

तुझं पत्र बँकेच्या पत्त्यावर आलं हे नशीब. स्वप्नाचंही मीच आधी उघडलं. मालिनीला काही माहीत नाही. नाशिकच्या लोकांना मुलगी आजारी आहे असं कळवलं आहे. एक तारीख गेली, दुसरी मिळेल.

तुला माझी मुलगी सांभाळायला दिली होती, दुरुस्त्या करायला नाही.

जनगणनेचं पंचवीस वर्षांनी काढलंस. काय सांगायला हवं होतं मी त्या मास्तरला? खाली घरमालक, समोर शाळा, मी बँकेत प्रोबेशनवर. मी 'कोई नहीं' म्हणालो ते तुला वाचवायला. ते मी विसरलो आहे असं तुला वाटतं का? पण श्री, त्या वयात असतं. मग जातं. माझं गेलं. लग्न झालं, मुलगी झाली, शाखा मिळाली. कोणी मेलं नाही, कोणी पुलावरून उडी मारली नाही. तुझ्या त्या सिनेमांपेक्षा माझा शेवट बरा आहे. तिचाही तसाच होईल, फक्त तिला आता तिथून हलवलं पाहिजे. मी आलो तर तमाशा होईल आणि ती येणार नाही. तुझं ती ऐकते.

म्हणून सरळ सांगतो. सोबत एक ड्राफ्ट आहे, तुमच्या मंडळाच्या नावाचा, देणगी म्हणून. घंगाळ्याच्या यंत्रावर किती दिवस काढणार आहेस? नवीन प्रोजेक्टर घे. अट एवढीच: त्या मुलीला खोली सोडायला सांग, तिच्या वडिलांना कारण सांगण्याची गरज नाही, आणि स्वप्नाला २० तारखेच्या गाडीत बसव.

आपल्या मैत्रीची आण घालत नाही. ड्राफ्ट घालतो, म्हणजे तुला नाही म्हणायला सोपं जाणार नाही.

जगदीश


पत्र क्र. २३२
लखनौ
१३ डिसेंबर १९९६

प्रिय जगदीश,

'माझं गेलं' असं तू लिहिलं आहेस. तारीख लिहिली नाहीस. असती तर नोंद केली असती. माझ्याकडे तशी तारीख नाही, आणि ज्याची तारीख नाही ते गेलं असं मला लिहिता येत नाही.

मला वाचवलंस म्हणतोस. त्या मास्तरने रजिस्टरात काय लिहिलं ते मी त्याच्या खांद्यावरून वाचलं होतं: 'असंबंधित'. अक्षर चांगलं होतं. त्या दुपारी स्टोव्हची पिन बोटात गेली असं मी तुला सांगितलं आणि तू माझ्या बोटाला हळद लावत बसलास. पिन गेली नव्हती. ही दुरुस्ती उशिरा करतो आहे, माफ कर. मी तुझ्यावर तेव्हा रागावलो नव्हतो, आताही नाही. तुला दोन वर्षांनी मुलगी बघायला जायचं होतं तेव्हा तुझ्या शर्टाचं बटण मीच लावलं, तेही अजून टिकलं असेल.

फक्त, कोणी विचारलं तर 'कोई नहीं' म्हणणारं माणूस स्वप्नाला मिळालेलं नाही. मी काल मुद्दाम विचारून पाहिलं. वर गेलो, रेशनकार्डाची चौकशी आहे असं खोटंच सांगितलं आणि हेमाला विचारलं, ही तुझी कोण म्हणून लिहू? ती कणीक मळत नव्हती, पाय वर करून वाचत होती. मान वर न करता म्हणाली, "आपको पता नहीं है क्या, काका?" पहिल्यांदाच मला अंकल न म्हणता काका म्हणाली. स्वप्ना आतून हसली. किती सेकंद लागले ते मी मोजले नाहीत.

तेव्हा मी तिला गाडीत बसवणार नाही, आणि हेमाच्या वडिलांना काही कळवणार नाही. स्वप्ना एकवीस वर्षांची आहे, एम.ए. पुरं करेल. तुला तिला भेटायचं असेल तर ये. तमाशा करायचा असेल तरी ये, तो माझ्या दारात कर, वर जाऊन नको. झोपायची सोय खाली माझ्याकडे आहे, वरची खोली रिकामी नाही. मालिनीवहिनींना मात्र तू खरं सांग. त्यांनी ते पत्र आपल्या दोघांपेक्षा नीट वाचलं होतं.

तेवीस वर्षांत तुझी दोनशे सहा पत्रं आली, माझी ही दोनशे बत्तीस. पुढचं तुझं येणार नाही असं मी धरून चाललो आहे. आलंच तर उत्तर देईन.

तुझा
श्रीरंग

ता. क. ड्राफ्ट सोबत परत पाठवतो आहे. तो मंडळाच्या नावाचा असूनही मी कमिटीपुढे ठेवला नाही. ठेवला असता तर चिटणीसांनी स्वप्नाची ट्रंक स्वतः उचलून स्टेशनवर नेली असती. एवढ्या पैशांत दोन लेन्सांसकट जपानी प्रोजेक्टर येतो. मी हज़रतगंजात जाऊन तो पाहून आलो, हात लावून, चालवून. यंत्र उत्तम आहे, आवाज अजिबात नाही. दोघींना वेगळं करून एकीला गाडीत बसवायचं, याबद्दल तू देऊ केलेली आणि मी न घेतलेली रक्कम, तुझ्याच बँकेने ड्राफ्टवर अक्षरी टाइप केली आहे तशी: रुपये पंचवीस हजार फक्त.